झोपेच्या बाई आणि बिनआवाजाची घरटी

झोपेच्या बाईंना स्वतःला मात्र दुपारी कधी झोप आली नाही. आतून धुमसणाऱ्या माणसाला ती येत नाही. बालवाडीच्या मागच्या लांबट खोलीत पडदे ओढून, पंखा बारीक करून, त्या गुडघ्यांवर सरकत एका गादीवरून दुसऱ्या गादीकडे जात. डावा हात एका पाठीवर, उजवा दुसऱ्या पाठीवर. मुलांना वाटे, बाई काहीतरी गुणगुणताहेत. खरं तर प्रत्येक थापेला त्या ओठातल्या ओठात एकच शब्द म्हणत असत: बघतेच. बघतेच. बघतेच. आणि गंमत अशी की त्या तालावर मुलं पटापट झोपत.

ज्यांना त्या बघून घेणार होत्या त्या मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. घर एकच, दुमजली. वर दोन भावांचे दोन संसार, खाली बालवाडी. बालवाडी थोरलीने काढलेली. धाकटी लग्न होऊन आली आणि हाताशी हवी म्हणून तिथेच शिकवू लागली. धाकटीच्या वडिलांचं टेबल-खुर्च्या बनवायचं दुकान होतं. भुसा नाकात गेल्याशिवाय तिच्या बालपणातला एक दिवसही सरला नव्हता. तिने चार वर्षांच्या मुलांच्या हातात छोट्या हातोड्या दिल्या आणि सुतारकामाचा तास सुरू केला. आधी पालक घाबरले. मग आपलं पोर घरी येऊन खुर्चीचा डुगडुगणारा पाय ओळखू लागलं म्हणून खूश झाले. पुढे पुढे लोक त्या तासासाठीच मुलांना तिथे घालू लागले.

त्या तासाचा नियम एकच होता. वस्तू तयार झाली की मुलाने ती हातात धरून सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि कोणी काय केलं ते सांगायचं. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं. “फळी बाईंनी कापली. खिळे मी ठोकले. हा वाकडा झाला, तो पण मीच.” वाकडा खिळा सांगणाऱ्याला कोणी हसायचं नाही. लपवणाऱ्याकडे मात्र सगळे बघत राहायचे, आणि चार वर्षांच्या पंचवीस मुलांनी एकदम रोखून बघणं म्हणजे काय ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

मग तो दिवस आला. तास चालू असताना दारावर सामान घेऊन कोणी आलं. मोठ्या बाई वर्गाच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाल्या, “तू जा, सामान मोजून घे. इथे मी आहे.” धाकटी गेली. मोठ्या बाई होत्या, पण किती वेळ? ऑफिसातला फोन वाजला आणि त्या तिकडे गेल्या. तेवढ्यात एका मुलाने टेबलावरची करवत घेतली. बोट तुटलं नाही, पण टाके पडले. रक्त पाहून बाकीच्या मुलांनी असा आकांत केला की शेजारचे धावत आले.

संध्याकाळी पालकांची सभा भरली. मुलाची आई टपाल कचेरीत काम करायची. गणवेशावरच आली होती, बाहीवर मुलाचं रक्त तसंच होतं. मोठ्या बाई उठल्या, पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आमच्या धाकट्या बाईंचं लक्ष नव्हतं. झालं ते झालं. यापुढे त्या हत्यारांजवळ फिरकणार नाहीत, हा माझा शब्द.”

धाकटीचं तोंड उघडलं होतं. शेजारी बसलेल्या नवऱ्याने खालून तिचा हात दाबला. “घरातली गोष्ट आहे,” तो पुटपुटला. “इथे नको.” ती गप्प बसली. तेवढंच. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं गप्प बसणं ते.

दुसऱ्या दिवसापासून हातोड्या, पकडी आणि करवती कपाटात गेल्या, कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला गेली आणि धाकटी झोपेच्या खोलीत गेली. त्यानंतर आलेल्या मुलांना ती कधी वर्गात दिसलीच नाही, म्हणून त्यांनी तिचं नाव पाडलं, झोपेच्या बाई. टपालबाई रोज फाटकावर भेटायच्या, पण बोलायच्या नाहीत. पुढे त्यांची धाकटी मुलगीही तिथे दाखल झाली, बटणासारख्या डोळ्यांची, आणि सगळे तिला बटणच म्हणू लागले. पहिल्या दिवशी टपालबाईंनी बटणाला झोपेच्या खोलीत सोडताना एवढंच विचारलं होतं, “इथे टोकदार काही नाही ना?”

ते वाक्य झोपेच्या बाईंनी जपून ठेवलं. जावेला परत करायला.

अशी चार वर्षं गेली. आणि मग मोठ्या बाईंना पक्षी सुचले.

कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना सांगू लागल्या, “मुलांच्या हातून चिमण्यांसाठी लाकडी घरटी करून घ्यायची. मोजणं येतं, धीर येतो, दुसऱ्या जिवाचा विचार करणं येतं. पालकदिनाला फाटकाच्या भिंतीवर ओळीने लावू. मी नवीनच चालू करतेय हे.”

“नवीन?” झोपेच्या बाईंच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी आवाज शक्य तितका मऊ करून म्हटलं, “वहिनी, ते काम मला द्या ना. लाकडाचं मला—”

“आणखी एक बोट कापायचंय का?” मोठ्या बाई हसून म्हणाल्या.

हसून म्हणाल्या म्हणून जेवायला बसलेले बाकीचेही हसले. नवरासुद्धा, थोडंसं. त्या हसण्याने झोपेच्या बाईंच्या अंगाचा असा तिळपापड झाला की वर खोलीत जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “उद्या दुकानातून येताना फळ्या कापून आणा. आणि स्क्रू. खिळे नकोत.”

नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. हत्यारांची कमी नव्हती, भांडण मात्र त्याला सोसत नसे. “कशाला?” त्याने विचारलं.

“खिळा ठोकला की घरभर ऐकू जातं. स्क्रू फिरवला की कोणाला कळत नाही.”

“अगं, पण तुला करायचंय काय?”

“तुम्ही त्या दिवशी माझा हात दाबला होता ना? आता त्याच हाताने फळ्या कापा.”

त्याने मुकाट्याने कापल्या. भोकंही पाडून दिली.

तर अशी झोपेच्या खोलीत बिनआवाजाची घरटी सुरू झाली. ज्या मुलांना झोप येत नाही अशी पाच-सहा प्रत्येक वर्गात असतातच. इतके दिवस ती छताकडे बघत पाय हलवत पडायची. आता बाकीची मुलं झोपली की ती मांजरीच्या पावलांनी कोपऱ्यातल्या चटईवर यायची. प्रत्येकाला फळ्यांचा एक संच, स्क्रू फिरवायला एक जाड मुठीचा पेचकस. स्क्रूची जागा गिरमिटाने आधीच थोडी खोदलेली. स्क्रूचं टोक साबणाच्या वडीवर घासायचं, म्हणजे लाकूड कुरकुरत नाही.

“कुठल्या बाजूला फिरवायचं?” हे विचारणारा मुलगा इतके प्रश्न विचारायचा की त्याला सगळे प्रश्नपत्रिका म्हणत.

“नळ बंद करतोस ना, तसं. घट्ट. आणि उघडतोस तसं फिरवलं की सैल.”

“आमच्या नळातून बंद केला तरी पाणी येतं.”

“मग तुझ्या बाबांना पाठव इकडे. हळू बोल.”

“बाई, याला दार का नाही?”

“चिमणीला हात असतात का कडी काढायला?”

प्रश्नपत्रिकेने विचार केला. “मग चोर?”

“भोक बघ. चोराचं डोकं जाईल का आत? आपलं बोट जातं, चिमणी जाते. मांजराचा पंजा जातो, पण खालपर्यंत पोचत नाही. म्हणून भोक वर.”

“आणि छप्पर उतरतं कशाला?”

“तूच सांग. त्याच्यावर पाणी ओत मनातल्या मनात. कुठे जाईल?”

तो डोळे मिटून पाणी ओतत राहिला. बटण काही विचारायची नाही. ओठ आत ओढून, दोन्ही मुठींत पेचकस धरून ती फिरवायची, थकली की मूठ सोडून हात झटकायची आणि पुन्हा धरायची. तिच्या मनगटात अजून जोर नव्हता. स्क्रू अर्ध्यात थांबायचे, छप्पर एका कानावर कललेल्या टोपीसारखं बसायचं. पण ते तिचं होतं. स्क्रू लाकडात शिरताना पातळ भुशाची जी वळणदार शेव वर येते ती बोटावर घेऊन ती बाईंना दाखवायची, आणि त्या क्षणी झोपेच्या बाई आपलं वैर विसरायच्या.

क्षणभरच. पलीकडच्या भिंतीतून मोठ्या बाईंचा आवाज आला की ते परत जागेवर.

आणि तास संपताना जुना नियम, फक्त कुजबुजत. प्रत्येकाने आपलं खोकं धरून उभं राहायचं आणि बाईंच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, कामही सांगायचं. “फळ्या काकांनी कापल्या. भोक काकांनी पाडलं. स्क्रू मी फिरवले.”

“खरं सांगायचं,” बाई म्हणत. “सगळं. उरवायचं नाही.”

पलीकडच्या वर्गात मात्र मोठ्या बाईंचं बिनसलं होतं. त्यांची घरटी खिळ्यांची. मुलं ठोकत तेव्हा टक-टक-टक-धप्प असा आवाज येई. धप्प म्हणजे टेबलावर. फळ्या चिरल्या, खिळे बाजूने बाहेर आले, एका मुलाने खोक्याला आतूनच छप्पर लावलं. पालकदिन जवळ आला तसा मोठ्या बाईंचा धीर सुटला. एका सकाळी झोपेच्या बाई गाद्या झटकत होत्या तेव्हा त्यांना पलीकडून वेगळाच आवाज ऐकू आला. ठक. ठक. ठक. तीन ठोक्यांत खिळा आत, मग दुसरा. एकही धप्प नाही. त्या झटकता झटकता थांबल्या.

दुपारी प्रश्नपत्रिका आडवा झाल्याबरोबर त्यांनी त्याच्या कानाशी विचारलं, “आज वर्गात कोण आलं होतं रे?”

“दाढीवाले काका. सुतारकाका. आम्ही ओळीत उभे होतो.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“फुंकर मारली. भुसा उडवायला.” मग तो म्हणाला, “बाई, ते हातोडी का देत नाहीत?”

 झोपेच्या बाई भिंतीला टेकून बसल्या आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना इतकं गार गार वाटलं. त्यांना खोटं बोलावं लागणार नव्हतं, चुगली करावी लागणार नव्हती, आवाज चढवावा लागणार नव्हता. मोठ्या बाई सगळ्या पालकांसमोर उभ्या राहून म्हणणार, मुलांनी केलं. आणि मग कोणीतरी मुलांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, सांगा बरं, कोणी काय केलं? तशीच गर्दी. तेच पालक. टपालबाई पहिल्या ओळीत. आणि मोठ्या बाईंचं तोंड तसंच उघडं, आवाज न फुटलेलं, जसं त्या सभेत झोपेच्या बाईंचं झालं होतं. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. “आज काय विशेष?” नवऱ्याने विचारलं. “भूक,” त्या म्हणाल्या.

पालकदिनाच्या आदल्या संध्याकाळी फाटकाच्या भिंतीवर सुताराची घरटी लागली. निळी-पिवळी, एका रेषेत, कोपरे असे जुळलेले की फटीतून केस जाणार नाही. खाली प्रत्येक मुलाच्या तळहाताचा रंगीत ठसा. झोपेच्या बाई ती बघून आत आल्या, कोपऱ्यातल्या आपल्या सहा खोक्यांवरची चादर उचलली आणि त्यांचा चेहरा उतरला.

वाकडी होती ती. दोन दिवसांपूर्वी गोड वाटत होती, आता वाकडी दिसत होती. बटणाच्या खोक्याच्या फटीतून पलीकडचा दिवा दिसत होता. प्रश्नपत्रिकेच्या खोक्याचं बूड डगमगत होतं. मोठ्या बाई हसतील, त्यांना वाटलं. म्हणतील, बघा, हिच्या हाताखाली मुलं हेच शिकतात. आणि पालक त्या भिंतीकडे एकदा बघतील, या खोक्यांकडे एकदा बघतील.

त्यांनी पेचकस घेतला. एक स्क्रू थोडा घट्ट केला. मग छप्पर जरा सरळ बसवायचं तर दोन काढून पुन्हा लावावे लागले. मग शेजारची फळी.

बटणाची आई यायला उशीर झाला होता, म्हणून बटण तिथेच होती. ती स्क्रूचा डबा मांडीवर घेऊन बसली आणि बाईंनी हात पुढे केला की एकेक स्क्रू देत राहिली.

“हे माझं आहे,” मध्येच ती म्हणाली.

“हो गं, तुझंच. मी फक्त घट्ट करतेय.”

नवरा दारात येऊन थोडा वेळ बघत उभा राहिला. “घट्ट करतेयस की सरळ?”

“तुमचे पंखे बघा जा.”

सहाही खोकी झाली तेव्हा त्या घामाघूम झाल्या होत्या. आता कोणी हसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. आया, बाप, आजोबा, कडेवरची भावंडं. मोठ्या बाईंनी करड्या रंगाची साडी नेसली होती आणि त्या प्रत्येकाला नावाने विचारत होत्या. कोपऱ्यात चादरीखाली काय आहे, असं त्यांनी जाता जाता विचारलं. “झोपेचं सामान,” झोपेच्या बाई म्हणाल्या. टपालबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. शेजारी त्यांचा थोरला मुलगा, आता शाळेत जाणारा, बोटावरचा पांढरा व्रण दुसऱ्या हाताने चोळत.

“ही सगळी घरटी,” मोठ्या बाई हात भिंतीकडे करून म्हणाल्या, “आपल्या चिमुकल्यांनी स्वतःच्या हातांनी केली.”

टाळ्या पडल्या. झोपेच्या बाईंनी त्या संपू दिल्या. मग अगदी घरगुती आवाजात म्हणाल्या, “वहिनी, मुलांनाच सांगू द्या ना. कोणी काय केलं ते. गोड बोलतात.”

“हो हो, बोलू द्या!” मागून एक आजोबा म्हणाले.

मोठ्या बाईंनी एकदाच जावेकडे बघितलं. त्यांना कळलं. पण मधे उभं राहून ‘नको’ म्हणायला काही कारण हाताशी नव्हतं.

प्रश्नपत्रिका पुढे आला. त्याने आपल्या निळ्या घरट्याकडे बोट केलं आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, “हे दाढीवाल्या काकांनी केलं! मी फुंकर मारली!”

अंगणभर हशा. दुसरी मुलगी आली. “हे पण काकांनी. मी रंग लावला. तो खराब झाला. मग मोठ्या बाईंनी परत लावला.” हसणं थोडं कमी झालं. तिसरा म्हणाला, “मी हात दिला,” आणि तळवा उघडून दाखवला, ठशाचा लाल रंग नखात अजून होता. आता कोणी हसत नव्हतं.

झोपेच्या बाई मोठ्या बाईंच्या मानेकडे बघत होत्या. तिथून लाली वर चढत होती, कानांपर्यंत. चार वर्षं ज्या चेहऱ्याची वाट पाहिली तो आता समोर होता, आणि त्यांनी तो घाई न करता, सावकाश बघितला.

“म्हणजे हे सुताराकडून करून घेतलंय?” टपालबाईंनी विचारलं.

मोठ्या बाई काही बोलायच्या आत झोपेच्या बाईंनी चादर ओढली. “मुलांनी केलेली ही इथे आहेत. आवाज नको म्हणून दुपारी, झोपेच्या खोलीत केली. बटण, ये गं.”

टपालबाई दचकल्या. “आमची? हिने?”

बटण आली. स्वतःचं खोकं दोन्ही हातांत धरून तिने ओठ आत ओढले, मग सोडले. एवढ्या लोकांसमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. “फळ्या काकांनी कापल्या. भोक काकांनी पाडलं. स्क्रू मी फिरवले.”

तिचा भाऊ उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. मग सगळ्यांनीच वाजवल्या. टपालबाईंनी झोपेच्या बाईंकडे बघितलं, चार वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

पण बटण खाली बसली नाही. तिचं सगळं सांगून झालं नव्हतं.

“मग काल झोपेच्या बाईंनी ते काढले,” ती म्हणाली. “आणि परत लावले. सगळ्यांचे. माझं वाकडं होतं.”

टाळ्या मधेच अडकल्या. मोठ्या बाईंच्या तोंडून “घ्या!” असा एक आवाज निघाला, अर्धा हसण्याचा. मागे कोणीतरी म्हणालं, “एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.”

 झोपेच्या बाईंनी आपला खड्डा इतका मापात खणला होता की त्यात दोघी बरोबर मावत होत्या.

आणि मग मोठ्या बाई पुढे सरसावल्या. त्यांना वाट दिसली होती. त्यांनी बटणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पालकांकडे बघून मोकळं हसल्या. “अहो, मुलं आहेत. इतकी लहान मुलं काहीही बोलतात, त्यांचं काय मनावर घ्यायचं! काय गं, हो ना?” शेवटचं जावेला होतं. त्यात धमकी नव्हती, तहाचं बोलणं होतं. तू हो म्हण, दोघी सुटू.

एका ‘हो’चं काम होतं. सुताराची घरटी मुलांची होणार होती, बाईंची घरटी मुलांची होणार होती. फक्त बटण खोटी पडणार होती. बटण बाईंकडे बघत होती, खोकं छातीशी धरून. एवढ्या गर्दीत आपल्यावर काहीतरी टाकलं जातंय आणि मोठी माणसं गप्प बसलीत, हे तिला शब्दांत सांगता आलं नसतं. झोपेच्या बाईंना आलं असतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. मग मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात, “बटण खरं बोलतेय. स्क्रू मी काढले. मी परत लावले. मुलांचं काम वाकडं दिसेल आणि वहिनी हसतील म्हणून लावले. सहाच्या सहा. हे माझ्याकडून झालं.”

त्यांनी बटणाचा हात धरून तिला आईकडे नेऊन बसवलं. मग त्या वळल्या. 

“वहिनी, आता तुम्ही.”

“मी काय?”

“सुताराचं सांगून झालंय मुलांचं. ते राहू द्या. करवतीचं सांगा. त्या दिवशी मी सामान घ्यायला दारावर गेले तेव्हा वर्गात कोण होतं?”

टपालबाई ताठ झाल्या. मोठ्या बाईंनी नवऱ्याला शोधलं, दिराला शोधलं. दीर, म्हणजे झोपेच्या बाईंचा नवरा, भिंतीला टेकून उभा होता. या वेळी त्याने कोणाचा हात दाबला नाही. सगळ्यांच्या पुढे चटईवर बसलेली मुलं मात्र मोठ्या बाईंकडे बघत होती, सगळी, एकदम, डोळे न मिटता.

“मी होते,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“मागे ऐकू आलं नाही.”

“मी होते!” त्यांचा आवाज फाटला. “फोन आला म्हणून गेले. हिची चूक नव्हती.”

 झोपेच्या बाईंना वाटलं होतं, या क्षणाला आतून काहीतरी सुटेल. सुटलं, पण टपालबाई उठल्या तेव्हा त्यांचा राग एकीवर नव्हता, दोघींवर होता.

“मी याला मारलं होतं,” त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. “करवतीला हात लावलास म्हणून. दोन दिवस बोलले नव्हते याच्याशी. आणि तुम्ही दोघी जावा-जावा घरातलं घरात ठेवून बसला होतात.” झोपेच्या बाईंकडे वळून त्या म्हणाल्या, “त्यांनी खोटं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. हिच्याइतकं तरी बोलायचं होतं.”

 झोपेच्या बाईंनी ते घेतलं.

पण जाता जाता, बटणाचा हात धरून, टपालबाई फाटकाशी थांबल्या. “उद्यापासून हिच्या हातात हातोडी द्या,” त्या म्हणाल्या. “आणि कोणी मधेच सोडून जाऊ नका.” ते कोणाला म्हणाल्या हे त्यांनी सांगितलं नाही, पण ऐकणाऱ्यांनी झोपेच्या बाईंकडे बघितलं. त्यांच्यामागून आणखी चार-पाच पालकांनी तेच सांगितलं.

अंगण रिकामं झालं तेव्हा मोठ्या बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. “झालं समाधान?” त्यांनी विचारलं.

झोपेच्या बाईंनी खरंच विचार केला. “नाही,” त्या म्हणाल्या. “कपाट उघडा.”

मोठ्या बाई उठल्या. कमरेची किल्ली काढून त्या देऊ लागल्या, पण झोपेच्या बाईंनी हात पुढे केला नाही. कपाट त्यांनीच उघडावं, आतलं सगळं त्यांच्याच हातून यावं, असं त्यांना वाटत होतं. कुलूप गंजलं होतं. मोठ्या बाईंना दोनदा जोर लावावा लागला. झोपेच्या बाई मदतीला गेल्या नाहीत. शेजारच्या टेबलावर त्यांनी एक स्वच्छ फडकं अंथरलं आणि त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

“पकडी?”

मोठ्या बाईंनी पकडी दिल्या. त्यांनी एकेक उघडझाप करून बघितली, सावकाश, आणि फडक्यावर ठेवली.

“कानस?”

कानस आली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, दात तपासले. मोठ्या बाई तोवर उभ्या. वर स्वयंपाकघरात कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्या गेल्या नाहीत, आणि जा असं त्यांना कोणी म्हटलंही नाही.

“करवत?”

मोठ्या बाईंनी आत हात घातला. छोटी करवत बाहेर काढताना त्यांनी ती पात्याकडून धरली आणि मूठ समोर केली. लहान मुलांना शिकवतात तशी. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे एके काळी त्या वर्गाच्या दाराबाहेर उभ्या राहून ऐकत असल्या पाहिजेत.

झोपेच्या बाईंनी मूठ धरली. ‘थँक्यू’ त्यांच्या जिभेवर आलं होतं. मुलांना ते त्या प्रत्येक वेळी म्हणायला लावत. त्यांनी ते गिळलं, करवत फडक्यावर ठेवली, आणि परत हात पुढे केला.

“हातोड्या?”